वाचकांचे प्रश्न : स्वरलिपी वाचताना आधी काय पाहावे?

प्रश्न : मी चाळिशीनंतर गायन शिकू लागलो आहे. वर्गात भातखंडे पद्धतीने बंदिशी लिहून देतात, तर घरी पलुस्कर पद्धतीचे एक जुने पुस्तक आहे. वर्गातील खुणांप्रमाणे ते पुस्तक वाचले, तर चाल भलतीकडेच जाते. त्यातील छपाई सदोष असेल का? आणि वाचनाची सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : छपाईत दोष असण्याचे कारण नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) या दोघांनी सुमारे एकाच काळात स्वरलेखनाच्या स्वतंत्र पद्धती रूढ केल्या, आणि काही खुणा दोन्हींकडे असूनही त्यांचे अर्थ वेगळे आहेत. भातखंडे पद्धतीत स्वरावर बिंदू असेल तर तो तार, म्हणजे वरच्या सप्तकातील आणि खाली बिंदू असेल तर मंद्रातील, म्हणजे खालच्या सप्तकातील. पलुस्कर पद्धतीत मात्र वरचा बिंदू मंद्राचा असून तार स्वरावर उभी रेघ येते. तालाच्या खुणांत तर फसगत अधिक होते, कारण भातखंडे समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, फुली मारतात आणि पलुस्करांच्या पुस्तकात जवळजवळ तशीच दिसणारी अधिकची (+) खूण ‘खाली’ची, म्हणजे टाळी न देण्याच्या जागेची असते, समेला तेथे एकचा आकडा असतो. म्हणून कोणतेही पुस्तक उघडले की प्रथम त्यातील चिन्हपरिचयाचे पान वाचावे. बहुतेक विद्यार्थी नेमके तेच पान उलटून पुढे जातात.

यापुढे वर्गातील, म्हणजे भातखंडे पद्धतीविषयीच लिहितो. शुद्ध स्वराला कोणतीही खूण नसते, कोमल स्वराखाली आडवी रेघ असते (ग॒) आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ असते (म॑). हे एका संध्याकाळी पाठ होते. खरी अडचण काळाच्या वाचनाची असते, आणि माझ्या मते नवशिक्याने स्वरांकडे वळण्यापूर्वी तालाचीच ओळ वाचावी. त्रितालाच्या सोळा मात्रा उभ्या रेघांनी चार-चारांच्या चार विभागांत मांडलेल्या असतात आणि त्यांखाली ×, २, ०, ३ अशा खुणा असतात (× म्हणजे सम, ० म्हणजे खाली, २ आणि ३ या टाळ्या). परंतु मध्य लयीच्या पुष्कळ बंदिशी नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उठतात, त्यामुळे पानावरचा पहिला स्वर हीच सम असे समजून गायला लागलेला विद्यार्थी मुखड्यातच, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्यातच चुकतो. हाताने टाळी-खाली धरून, स्वर न लावता, नुसती अक्षरे तालात म्हणून पाहावीत.

एका विभागात ‘ग – रे सा’ असे लिहिले असेल, तर दुसऱ्या मात्रेवरील आडवी रेघ ही विश्रांती नसून गंधारच (ग) तेथवर लांबवायचा असतो. गीताच्या ओळीत त्याच जागी अवग्रह (ऽ) येतो. दोन किंवा अधिक स्वरांना खालून कंस जोडलेला असेल, तर ते सर्व एकाच मात्रेत बसवायचे असतात. वरून काढलेला कंस मात्र मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, दाखवतो. स्वराच्या डोक्यावर डावीकडे बारीक अक्षरात लिहिलेला कणस्वर केवळ स्पर्शापुरता असतो, त्याला स्वतंत्र मात्रा देऊ नये. यमन रागात पंचम गोल कंसात, (प) असा, दिसला तर ‘ध प म॑ प’ हे चार स्वर एका मात्रेत घ्यावेत. ते सुटे सुटे न वाजता एकाच झटक्यात यावे लागतात, आणि तो झटका किती हलका असावा हे कागदावर उतरत नाही. तेथे गुरुजींचा गळा ऐकण्यास पर्याय नाही.

प्रश्न : पुस्तकातील ‘सा’ हार्मोनियमच्या कोणत्या पट्टीवर धरावा? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आपल्या गळ्याला मानवेल त्या. पाच रेषांच्या पाश्चात्त्य स्वरलेखनात प्रत्येक स्वराची उंची ठरलेली असते, आपल्या स्वरलिपीत ती ठरलेली नसते. पुरुष बहुधा काळी एकच्या (सप्तकातील पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास आणि स्त्रिया काळी चार किंवा पाचच्या आसपास गातात. बंदिशीतील सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर आधी शोधून, ते दोन्ही ताण न पडता लागतात का हे तपासावे आणि मगच पट्टी ठरवावी.