कसं कळलं, ते सांग

अनेक आशीर्वाद.

अँकरिंग घ्यावं की परदेशी वार्तांकन, यावर तू चार पानं खर्च केलीस. मला विचारशील तर हा प्रश्नच बिनकामाचा आहे. स्टुडिओत बस नाहीतर सीमेवर उभी राहा. जे सांगतेस ते तुला कसं कळलं, हे प्रेक्षकाला सांगायलाच हवं. स्वतः पाहिलंस, कुणी अधिकारी बोलला, की एजन्सीच्या फीडवर दिसलं?

युक्रेनमधल्या ल्विव्हच्या हॉटेलाच्या गच्चीवरून कीववरच्या हल्ल्याबद्दल बोलत असशील, तर पहिल्याच वाक्यात म्हण, 'मी ल्विव्हमध्ये आहे, कीव इथून पाचशे किलोमीटरवर आहे.' डेस्क कुरकुरेल, त्यांची 'ग्राउंड झीरो'ची पट्टी तयार असते. कुरकुरू दे. प्रॉम्प्टरवर नुसतंच '४० ठार' आलं, तर टॉकबॅकवर, म्हणजे कंट्रोल रूमशी बोलायच्या लाइनवर, विचार, कोण म्हणतं? आरोग्य खातं, लष्कर, की समोरची बाजू? ते नाव आकड्याच्या आधी घाल. नंतर घातलंस तर ऐकतो कोण? मला यावरून हेकेखोर म्हणतात. म्हणोत बापडे, ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल करावी.

लाइव्हचं तंत्र मात्र घोटून घे. लाइव्ह ज्यावरून जातं तो भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर असतो. प्रश्न पोचायला पाव सेकंद, उत्तर परतायला पाव. सिमकार्डांवरून लाइव्ह चित्र पाठवणाऱ्या पाठीवरच्या बॅगेत हा उशीर एक-दोन सेकंदांवर जातो. तेवढा वेळ चेहरा स्थिर ठेव; ओळखीचा अँकर दिसला म्हणून हसू नकोस, मागे कुणाचं तरी घर जळत असतं. कानात स्वतःचाच आवाज उशिरा आला की भल्याभल्यांची जीभ अडखळते. लाइव्ह लागण्याआधीच पीसीआरला, म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूमला, बजाव, माझा आवाज वगळून बाकीचं पाठवा.

फिक्सर, म्हणजे तिथला स्थानिक मदतनीस आणि दुभाषा, चांगला मिळाला तरी डोळे झाकून त्याच्यावर विसंबू नकोस. बाई पाच मिनिटं रडत बोलली आणि तो म्हणाला, 'सैन्यानं केलं', तर परत विचारायला लाव: सैनिक तिनं पाहिले की शेजाऱ्यानं सांगितलं? पुन्हा तेच, बाई! कसं कळलं?

याचा अर्थ जीव टाकून पाहायला धाव असा नाही. रॉयटर्सचे छायाचित्रकार दानिश सिद्दिकी जुलै २०२१ मध्ये स्पिन बोल्दाकला अफगाण सैन्यासोबत असताना मारले गेले. तेही आधी टीव्हीचेच बातमीदार होते. जाता आलं नाही तर 'तिथे पोचता आलं नाही' असं कॅमेऱ्यात बघून सांग. त्यात कमीपणा कसला?

बाकी किरकोळ. अमेरिकेला जायचं तर पत्रकारांचा 'आय' व्हिसा लागतो, पर्यटकाच्या व्हिसावर वार्तांकन करता येत नाही. बॅटऱ्या हातातल्या सामानात, शक्यतो १०० वॅट-तासांच्या आतल्या; त्यावर गेलं की विमान कंपनीची परवानगी आली. उपग्रह फोन तिकडून घेतलास तर तिकडेच ठेवून ये, थुराया आणि इरिडियमचे फोन भारतात विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे. कॅमेऱ्यासाठी उद्योजकांच्या फिक्की या संघटनेकडून एटीए कार्नेट, म्हणजे सामान तात्पुरतं परदेशी नेण्याचं कस्टमचं कागदपत्र, काढणार असलीस, तर लेन्सपासून माइकपर्यंतचे सीरियल नंबर आजच लिहायला घे. एक आकडा चुकला तरी कस्टमवाले पेटी अडवून ठेवतात.