जुनं विमान विकायलाही जाणकार लागतो

प्रश्न : आम्ही वाकोल्याला राहतो. मी बेस्टच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो, आता निवृत्त आहे. धाकटी मुलगी यंदा बारावी सायन्स पास झाली. गणित आणि फिजिक्स बरं आहे. विमानांचं वेड लहानपणापासूनचं. २०२४ साली एअर इंडियाचं जुनं जम्बो मुंबईहून पंख हलवत कायमचं निघून गेलं, तो व्हिडिओ ती अजून बघत असते. आता म्हणते, लांब पल्ल्याची जुनी विमानं कंपन्या काढून टाकतात, विकतात, मला त्या कामात जायचंय. नातेवाईक हसतात. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांत बसणार का पोरगी, असं विचारतात. अंधेरीच्या एका क्लासवाल्याने ‘एअरक्राफ्ट मॅनेजमेंट’चा एक वर्षाचा डिप्लोमा आणि नोकरीची हमी सांगितली आहे. त्यासाठी पीएफचे पैसे मोडावे लागतील. असं काही काम खरंच असतं का? मुलीला त्यात घालावं का?
— एक वडील, सांताक्रूझ पूर्व

उत्तर :

नमस्कार. पीएफला आत्ता हात लावू नका. हे आधी सांगते, बाकीचं सावकाश बोलू.

तुमची लेक म्हणते ते काम असतं, आणि त्याला हसण्यासारखं काही नाही. तिने पाहिलेलं ते जम्बो, म्हणजे ‘आग्रा’ नावाचं बोईंग ७४७-४००, उडत अमेरिकेला गेलं. एअरसेल नावाच्या तिथल्या कंपनीने एअर इंडियाकडची अशी शेवटची चार जम्बो विकत घेतली. ‘आग्रा’ सुट्या भागांसाठी गेलं. ऐकायला वाईट वाटतं, पण एवढ्या लांब ते नेणं परवडतं कशामुळे, हे समजून घ्या. त्याच्या पंखाखाली प्रॅट अँड व्हिटनीची चार इंजिनं होती आणि त्याच कुळातली इंजिनं लावलेली मालवाहू ७४७ आणि ७६७ विमानं अजून जगभर फिरतात. त्यांना सुटे भाग लागतात. इंजिनं, लँडिंग गिअर, कॉकपिटमधली उपकरणं, विमान जमिनीवर उभं असताना वीज देणारं मागच्या बाजूचं छोटं एपीयू इंजिन, हे सगळं उतरवून, तपासून पुन्हा दुसऱ्या विमानावर चढतं. उरलेलं ॲल्युमिनियम शेवटी वितळवायला जातं. किंमत त्याच्या आधीच्या मालाला असते.

लोकांना वाटतं, विमान उडण्यालायक राहिलं नाही म्हणून काढलं. बहुतेक वेळा तसं नसतं. काही वर्षांनी एकदा विमानाची मोठी तपासणी येते, तेव्हा ते आतून पूर्ण उघडतात. खुर्च्या, पॅनेल, जमीन सगळं बाहेर. त्यात कित्येक आठवडे जातात आणि खर्च कोट्यवधींचा. ती तपासणी तोंडावर आली की कंपनी हिशेब मांडते : एवढा पैसा घालून आणखी काही वर्षं चालवायचं, की आत्ताच विकायचं? चार इंजिनांच्या विमानाचं इंधन त्या हिशेबात जड जातं. २०२० मध्ये कोविडने प्रवासी गेले तेव्हा ब्रिटिश एअरवेज, क्वांटास आणि केएलएम या तिघांनी त्याच वर्षी आपली प्रवासी ७४७ काढून टाकली.

पण हा हिशेब उलटतोही. एअर इंडियाने पूर्वी आपली पाच ७७७-२०० एलआर विमानं अबुधाबीच्या एतिहादला विकली. पुढे टाटांकडे कंपनी आली, अमेरिकेच्या थेट फेऱ्या वाढवायच्या ठरल्या, आणि त्याच जातीची विमानं भाड्याने घ्यावी लागली. ती होती डेल्टाची, २०२० मध्ये डेल्टाने निवृत्त केलेली. एकाने टाकलेलं दुसऱ्याला सोन्याच्या भावाने हवं असतं. सध्याचे दिवस तर असेच आहेत. बोईंगचं नवं ७७७एक्स २०२० मध्ये यायचं होतं, ते लांबत लांबत २०२७ वर गेलं. नवं येईना म्हणून जुनी ७७७ आणखी वर्षं चालवायची वेळ आली. लुफ्तान्साने उभी करून ठेवलेली ए३८० विमानं २०२३ मध्ये परत सेवेत आणली. एअर इंडियाने स्वतःची जुनी ७८७ विमानं २०२५ पासून नव्या खुर्च्या-केबिनसाठी कॅलिफोर्नियात व्हिक्टरव्हिलला पाठवायला सुरुवात केली. म्हणजे ‘जुनी विमानं जाणार, मग त्यांच्या मेकॅनिकचं काय’ ही भीती तुमच्या मनात असेल तर ती सोडा. जुनं जितकं जास्त टिकवायचं, तितके ते समजणारे हात जास्त लागतात.

आता मुख्य गोष्ट. जुन्या विमानाची किंमत ठरते त्याच्या कागदावर.

इंजिनाच्या आतल्या ज्या चकत्या प्रचंड वेगाने फिरतात, त्यांचं आयुष्य ठरलेलं असतं आणि ते तासांपेक्षा फेऱ्यांवर मोजतात. एक उड्डाण, एक उतरण, एक फेरी. मुंबई–गोवा करणारं विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या सहज करतं. मुंबई–न्यूयॉर्क करणाऱ्याची पंधरा तास उडूनही एकच फेरी मोजली जाते. म्हणून वीस वर्षांच्या लांब पल्ल्याच्या विमानातल्या चकत्यांमध्ये बरंच आयुष्य शिल्लक असू शकतं. फक्त ते सिद्ध करता आलं पाहिजे. ती चकती कारखान्यातून निघाल्यापासून कोणत्या इंजिनात, कोणत्या विमानावर, किती फेऱ्या फिरली, याची सलग नोंद लागते. धंद्यात याला ‘बॅक टू बर्थ’ म्हणतात. मधली दोन वर्षं कागदावर सापडली नाहीत, की धातू कितीही ठणठणीत असला तरी तो भाग विमानावर चढत नाही. लाखो डॉलरची वस्तू कागदाअभावी मातीमोल होते.

याची उलट बाजूही आहे, आणि ती भयंकर आहे. २०२३ मध्ये लंडनच्या एओजी टेक्निक्स या कंपनीने बनावट प्रमाणपत्रांवर इंजिनांचे भाग विकल्याचं उघड झालं. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांना विमानं थांबवून इंजिनं उघडावी लागली. तेव्हा हे काम ‘फाइली लावायचं’ म्हणून कोणी हिणवलं तर मला राग येतो. चारशे माणसं ज्यावर बसतात त्याच्या खरेपणाची राखण ते करतं.

भाड्याचं विमान परत देताना काय होतं ते सांगते, म्हणजे तुमच्या लेकीला नक्की काय करायचंय याचा अंदाज येईल. विमान हँगरमध्ये उभं असतं. विमान कंपनीचा एक माणूस आणि विमान भाड्याने देणाऱ्या मालक कंपनीचा एक माणूस हातात ‘डेंट अँड बकल चार्ट’ घेऊन त्याच्या पोटाखालून फिरतात. सामानाच्या दरवाजाच्या कडेला सामानगाडी घासून पोचा पडलेला असतो. तो किती लांब, किती खोल, कधी नोंदवला, दुरुस्ती कुठल्या मंजूर आराखड्याने केली, ते चार्टवर आहे का? पत्र्यावर एक ठिगळ दिसतं आणि चार्टवर नाही, की काम तिथेच थांबलं. आत खुर्च्यांच्या कापडाचंही तेच. कापड आगीत किती पेटतं याच्या चाचणीचा दाखला हवा, त्याला ‘बर्न सर्टिफिकेट’ म्हणतात. कव्हरं मध्येच कुठल्या तरी वर्षी बदलली आणि दाखला ठेवला नाही, की विमान परत देणं अडून बसतं आणि भाड्याचं मीटर चालू राहतं. वर्कशॉपमध्ये जॉबकार्डावर सही न झालेली बस तुम्ही डेपोबाहेर सोडली नसणार. हे तेच आहे, फक्त एकेका विमानामागे खोलीभर जॉबकार्डं.

या कामात चांगलं कोण होतं? ज्याने आधी स्वतः पान्हा धरला आहे. मी पाहिलेत ते लोक बहुतेक असेच, हँगरमधून टेबलावर आलेले. ठिगळ बघून ‘हे कागदावरच्या दुरुस्तीसारखं दिसत नाही’ हे ओळखायला हात मळलेले लागतात. म्हणून मुलीने सरळ विक्रीच्या बाजूला उडी मारू नये. आधी एएमई, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंग. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित घेऊन बारावी झाली आहे, म्हणजे दार उघडं आहे. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्याच्या सीएआर-१४७ नियमाखाली मान्य असलेल्या संस्थेतच प्रवेश घ्यायचा. तिथे बी१ म्हणजे इंजिन आणि सांगाडा, बी२ म्हणजे वीज आणि एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं. तिचा कल मला कळलेला नाही, पण जुन्या मोठ्या विमानांच्या बाजारात जायचं तर मी बी१ सुचवेन, कारण पैसा इंजिनात आणि सांगाड्यात असतो. कोर्स संपला म्हणजे लायसन्स मिळालं असं होत नाही. मॉड्यूलच्या, म्हणजे एकेका विषयाच्या, परीक्षा पास कराव्या लागतात, प्रत्यक्ष विमानांवर कामाचा अनुभव भरावा लागतो, आणि मग एकेका जातीच्या विमानाचं टाइप ट्रेनिंग. चार-पाच वर्षं धरून चाला. त्यानंतर विमान कंपनीच्या टेक्निकल रेकॉर्ड्स किंवा कॅमो, म्हणजे विमान उडण्यालायक राहतंय ना याचा हिशेब ठेवणाऱ्या विभागात जाता येतं, तिथून लीज रिटर्न, म्हणजे भाड्याचं विमान परत देण्याचं काम, तिथून मालक कंपन्या.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. मोठी विमानं मोडायचं काम मुंबईत होत नाही. ते स्पेनमधल्या तेरुएलला, फ्रान्समधल्या तार्बला, अमेरिकेच्या वाळवंटात होतं. विमान वर्षानुवर्षं उभं ठेवायचं तर कोरडी हवा लागते. आपला समुद्र आणि चार महिन्यांचा पाऊस ॲल्युमिनियमला गंज चढवतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा तिची विमानं मुंबईच्या हवेत उभी राहिली, आणि अशी उभी विमानं रोज थोडी थोडी किंमत गमावतात. इथून निघालेला एखादा सांगाडा कधी ट्रकवरही दिसतो. २०२३ च्या डिसेंबरात मुंबईहून आसामला चाललेलं असंच एक धूड बिहारमध्ये मोतीहारीच्या पुलाखाली अडकलं होतं. पण रोजगार त्यात नाही. मुंबईत रोजगार आहे तो देखभालीत, नोंदीत आणि विमान परत देण्याच्या कामात. कलिन्याची हँगरं तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहेत, नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे, आणि नागपूरच्या मिहानमध्ये एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेस या विमान देखभालीच्या कंपनीचं मोठं केंद्र आहे. भाड्याच्या विमानांची आर्थिक बाजू हळूहळू गुजरातच्या गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्राकडे चालली आहे. एअर इंडियाने २०२३ मध्ये आपलं पहिलं ए३५० तिथूनच घेतलं. कायदाही बदलला. गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडल्यावर मालक कंपन्यांना आपली विमानं भारतातून सोडवायला दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं, २०२४ मध्ये निकाल लागला. त्यानंतर २०२५ मध्ये संसदेने विमानांवरच्या मालकी हक्कांचं संरक्षण करणारा कायदा केला. मालकाला विमान परत मिळण्याची खात्री वाटली की तो इथे जास्त विमानं देतो, आणि मग ती तपासणारी माणसं इथेच लागतात.

तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण आईवडिलांच्या मनात असतं म्हणून सांगते. हँगरमध्ये रात्रपाळी असते, ती चुकत नाही. मुंबईहून परदेशी विमानं निघतात तीच मध्यरात्री. मुलींची संख्या अजून कमी आहे, पण बी१ लायसन्सवाल्या मुली विमानाला सही देऊन सोडतात हे मी जवळून पाहिलं आहे. तिला रात्री कोण आणणार, कोण सोडणार, हे घरात आधी बोलून ठेवा. काम सुटण्याची कारणं बहुधा घरची असतात, हँगरमधली क्वचित.

आता अंधेरीचा क्लास. एअरक्राफ्ट मॅनेजमेंटच्या डिप्लोमावर विमानावर सही करायचा अधिकार मिळत नाही, आणि नोकरीची हमी तर कोणी देऊच शकत नाही. तो कोर्स सीएआर-१४७ मान्य आहे का, एवढं लेखी विचारा. उत्तर फिरवून आलं तर पुन्हा त्या जिन्याने वर जाऊ नका. मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. त्यातल्या दोन-तीन संस्था स्वतः जाऊन बघा. मान्यतेचं पत्र कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि कोणत्या श्रेणीसाठी आहे ते पाहा. प्रॅक्टिकलसाठी विमान कोणतं आहे आणि पत्रा उघडून काम करू देतात का ते पाहा. प्रत्यक्ष अनुभवासाठी मुलं कुठल्या कंपनीत जातात, गेल्या वर्षी किती गेली, हे ऑफिसमध्ये विचारण्याआधी गेटबाहेर चहा पिणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. फिटर म्हणून तुमची नजर तिथे कामाला येईल. हत्यारांची पेटी आणि तिची नोंदवही बघितलीत की संस्था कशी आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. फीसाठी पैसे लागतीलच, पण आधी बँकेच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. मान्य संस्था असेल तर बँक बोलते.

आणि बाळा, तू हे वाचत असशील तर तुझ्यासाठी. मॉड्यूल ९ ह्यूमन फॅक्टर्स, म्हणजे काम करताना माणसाच्या चुका कशा होतात, आणि मॉड्यूल १० एव्हिएशन लेजिस्लेशन, म्हणजे विमानांचे कायदेकानून, हे दोन विषय मुलं परीक्षेपुरते घोकतात. तू तसं करू नकोस. तुला जिथे जायचंय तिथलं रोजचं काम त्या दोन पुस्तकांत आहे. इंग्रजी वाचनाची सवय आजपासून लाव, मॅन्युअल सगळी इंग्रजीतच असतात आणि एक शब्द चुकीचा समजून चालत नाही. संस्था बघायला बाबांबरोबर तू जा, आणि तिथले प्रश्न तूच विचार.