ओर्का पाहायला जा, पण पोस्टातलं खातं मोडून नको

जुळे सोलापूरच्या एका निवृत्त विज्ञान शिक्षिकेचा प्रश्न आहे. मोठ्या बहिणीला घेऊन कॅनडात जायचं आणि समुद्रातले ओर्का, म्हणजे किलर व्हेल, बोटीतून पाहायचे. एजंटने समुद्राकाठची व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरिया, मग डोंगरातलं बँफ अशी ११ दिवसांची टूर दोघींसाठी साडेसात लाखांना सांगितली आहे. त्यासाठी पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत २०२३ मध्ये ठेवलेले १५ लाख काढावेत का? मुलगा म्हणतो, हे सगळं मोबाइलवर दिसतं. पेन्शन ३४ हजार, त्यात घर भागतं. कर्ज नाही. ४ लाखांची एफडी फेब्रुवारीत पिकते, दवाखान्यासाठी ३ लाख वेगळे आहेत.

ताई, जा. प्राण्यांचं वर्गीकरण शिकवण्यात जिची हयात गेली, तिने डॉल्फिन कुळातला सगळ्यात मोठा प्राणी एकदा डोळ्यांनी पाहावा, यात मला उधळपट्टी दिसत नाही. मुलाची काळजी खरी आहे, पण ती पैसे कुठून काढता याबद्दल असायला हवी.

पोस्टाच्या खात्याला हात लावू नका. त्यातून लागतील तेवढेच पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. दोन वर्षं उलटल्यामुळे मुद्दलाच्या १ टक्का, म्हणजे १५ हजार कापले जातील. ते एकवेळ सोसता येईल. पण ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे ३०,७५० रुपये थांबतील, आणि हा दर तुम्हाला २०२८ पर्यंत बांधून मिळालेला आहे.

आता टूर. साडेसात लाखांत ओर्कासाठी बोटीची फेरी एकच, साधारण तीन तासांची, बाकी बसप्रवास. एजंट ‘दिसण्याची ग्यारंटी’ म्हणतो ना, ती नीट वाचा. तिकडच्या बऱ्याच बोटवाल्यांकडे ग्यारंटी म्हणजे पैसे परत नव्हे, पुन्हा एक मोफत फेरी. शिवाय हंपबॅक देवमासा दिसला तरी ती पूर्ण झाली असं बरेच जण धरतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची बस बँफकडे निघालेली असेल! मोफत फेरी घेणार कधी?

रानातला प्राणी ठरवून दिसत नाही, हे आपल्या नान्नजला माळढोक पक्षी बघायला गेलेल्यांना सांगावं लागत नाही. व्हिक्टोरियाजवळच्या समुद्रात ओर्कांचे मुख्यतः दोन गट दिसतात. सॅल्मन मासे खाणारे आता फक्त सत्तरच्या आसपास उरलेत, त्यांच्यापासून बोटींना लांबच राहावं लागतं, आणि ते योग्यच आहे. तुम्हाला बहुतेक दिसतील ते सील खाणारे बिग्ज ओर्का. १९७० च्या दशकापासून सीलना संरक्षण मिळालं, सील वाढले, तसे हेही वाढले. पण शिकारीमागे ते आज इथे, उद्या तिथे. म्हणून पैसे शहरांच्या संख्येवर नाही, समुद्राकाठच्या दिवसांवर घाला.

मी असं करेन: बँफ वगळायचं. आठवडाभर व्हिक्टोरियातच राहायचं आणि तीन वेगवेगळ्या दिवशी बोट घ्यायची. एका फेरीला माणशी दहा-बारा हजार धरा, म्हणजे दोघींच्या तीन फेऱ्या ६५-७० हजारांत. विमान आणि व्हिसा पावणेतीन लाख, राहणं लाखभर, जेवण आणि फिरणं ६० हजार, विमा २० हजार. माझ्या अंदाजाने सव्वापाच लाख. एफडीचे ४ लाख आणि वर्षभराचं पोस्टाचं व्याज १,२३,००० मिळून ते जुळतात. दवाखान्याचे ३ लाख जिथे आहेत तिथेच राहतील. हंगाम मे ते ऑक्टोबर, त्यामुळे पुढचा सप्टेंबर गाठायचा. तोवर दर तिमाहीचं व्याज वेगळ्या खात्यात टाका, नाहीतर ते घरखर्चात मुरतं.

पॅकेज घेतलंच तर एजंट त्यावर टीसीएस, म्हणजे सरकारसाठी आगाऊ वसूल केला जाणारा कर, घेईल. तुमच्या उत्पन्नावर कर लागत नाही, म्हणून ती रक्कम रिटर्न भरल्यावर परत मिळेल. पण रिटर्न भरावंच लागेल.

व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं काहीही बुक करू नका. एजंट महिनाअखेरची घाई करत असेल तरी नाही. आणि प्रवास विम्याच्या अर्जात दोघींचं बीपी, शुगर जे असेल ते लपवू नका. कॅनडात दवाखान्याचा एक दिवस फार महाग पडतो, आणि आधीचा आजार सांगितला नसेल तर कंपनी क्लेम नाकारू शकते.