शंभर मीटरमध्ये मागे पडते, म्हणून आठशे?

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. 100 मीटर फ्रीस्टाईलमध्ये दोन वर्षं सहावी-सातवी येते आणि घरी येऊन रडते. सर म्हणतात, हिला 800 ला उतरवू. तिला वाटतं, वेग कमी असलेल्यांनाच लांबच्या शर्यतीत ढकलतात. खरं काय?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, पंधराव्या वर्षी मलाही अगदी हेच वाटलं होतं. रागारागात मी पहिली 800 ची शर्यत शंभरसारखीच सुटले. चार लांब्यांपर्यंत (एक लांबी म्हणजे तलावाचे पन्नास मीटर) सगळ्यांच्या पुढे होते, दहाव्या लांबीला हात उचलेनात. शेवटून दुसरी आले. सर ओरडले नाहीत, वही पुढे केली. पहिले शंभर 1:08, सातवे 1:24. माझा वेग कमी नव्हता, मला तो वाटून घेता येत नव्हता.

लेकीला अमेरिकेची जलतरणपटू केटी लेडेकी हिची 28 जुलै 2021 ची टोकियो ऑलिम्पिकमधली सकाळ सांगा. आधी 200 मीटरची अंतिम फेरी झाली, तीत ती पाचवी आली. त्याच सत्रात, थोड्याच वेळात 1500 ची अंतिम फेरी होती. ती तिने 15:37.34 वेळेत जिंकली. पुरुषांची 1500 ऑलिम्पिकमध्ये 1908 पासून आहे, बायकांची मात्र टोकियोत पहिल्यांदा झाली. मी पोहत होते तेव्हा आम्हाला ऑलिम्पिकमध्ये 800 च्या पुढे शर्यतच नव्हती. म्हणून ते पदक बघताना मला रडू आवरलं नाही.

करिअर किती टिकतं तेही बघा. लंडनला 2012 मध्ये 800 चं सुवर्ण जिंकलं तेव्हा लेडेकी पंधरा वर्षांची होती. मग रिओ, टोकियो, पॅरिस, चारही वेळा 800 तिचीच. 2025 मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, तिने स्वतःचाच नऊ वर्षांचा विश्वविक्रम मोडला : 8:04.12. म्हणजे सोळा लांब्या, प्रत्येकीला सरासरी 30 सेकंदांहून जरासंच जास्त. हा वेग कमी म्हणायचा का?

तेव्हा सरांचं ऐका, पण 100 सोडू नका, तो वेग शेवटच्या शंभरात लागतोच. तीन महिने तरी शर्यतीची घाई नको. आठवड्यातून दोनदा दहा वेळा शंभर, मध्ये वीस सेकंद विश्रांती, आणि प्रत्येक वेळ तिने स्वतःच्या हाताने वहीत लिहायची. पहिली आणि दहावी वेळ जवळ येऊ लागली की तिचं तिलाच कळेल. खांदा रात्री झोपतानाही दुखत असेल तर मात्र त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. या बाबतीत मी फार हट्टी आहे, कारण माझं पोहणं खांद्यानेच थांबवलं.

पहिल्या शर्यतीला तुम्ही गॅलरीत वळणाच्या टोकाला बसा. शेवटच्या दोन लांब्या उरल्या की घंटा वाजते. ती ऐकून तिचे पाय जोरात चालू लागले, तर कितवी आली ते नंतर विचारा.