इंडोनेशियातील मुक्काम वाढवताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

इंडोनेशियाच्या पर्यटक व्हिसाविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत एक वाक्य हमखास असते : ‘आमच्या ओळखीचे दोन वर्षांपूर्वी गेले होते, ते म्हणतात की...’ मधल्या काळात नियम बदललेले असल्याने सगळा घोटाळा या ‘म्हणतात’पासूनच सुरू होतो.

प्रश्न : आम्ही उभयता ३ मार्च २०२६ रोजी बालीत उतरून उबुदला राहण्याचे ठरवत आहोत. व्हिसा ऑन अरायव्हल ऑनलाइन काढला, तर त्याची मुदत तिथे घरबसल्या वाढवता येते, असे भाचा म्हणतो. हे खरे आहे का? आणि अर्ज केव्हा करावा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : भाच्याची माहिती एके काळी बरोबर होती. मात्र २९ मे २०२५ पासून मुदतवाढ मागणाऱ्या प्रत्येकाला इमिग्रेशन कार्यालयात स्वतः जाऊन छायाचित्र द्यावे लागते आणि छोटी मुलाखतही द्यावी लागते. ई-व्हिसाधारकांनी अर्ज व शुल्क ऑनलाइन भरायचे आणि त्यानंतर कार्यालयात हजर व्हायचे, असा हा क्रम आहे. मूळ व्हिसाचे शुल्क ५,००,००० रुपिया, म्हणजे साधारण पावणेतीन हजार रुपये, आणि मुदतवाढीचेही तेवढेच. पावतीवर हा आकडा ५००.००० असा, टिंब देऊन छापलेला असतो. ते दशांशचिन्ह समजून कोणी बुचकळ्यात पडू नये. मूळचे ३० दिवस आणि एकदाच मिळणारे वाढीव ३० दिवस मिळून ६० दिवसांपलीकडे हा व्हिसा ताणता येत नाही.

दिवसांच्या हिशेबात उतरल्याचा दिवस पहिला धरतात. ३ मार्चला उतरलात, तर तिसावा दिवस १ एप्रिल येतो, २ एप्रिल नव्हे. वाढीव मुदत १ मे रोजी संपते. मुदतवाढ कोणत्याही तारखेला मंजूर झाली, तरी नवे ३० दिवस जुनी मुदत संपल्यावरच मोजले जातात, त्यामुळे लवकर अर्ज केल्याने एकही दिवस बुडत नाही.

मी सर्वांना मुदत संपण्याच्या दोन आठवडे आधी अर्ज करायला सांगतो, पण आपल्या तारखा अडचणीच्या आहेत. बालीतला न्येपी हा शके नववर्षाचा, मौनाचा दिवस २०२६ मध्ये १९ मार्चला, नेमका आपल्या गुढीपाडव्याच्या दिवशी आहे. त्या दिवशी विमानतळसुद्धा चोवीस तास बंद असतो, रस्त्यावर पाऊल टाकता येत नाही, आणि न्येपी संपतो न संपतो तोच ईदच्या सुट्या लागतात. म्हणजे १८ मार्चला अर्ज करू असे ठरवलेत, तर पुढचा आठवडाभर कार्यालयाचे दार बंदच दिसेल. अर्ज त्याआधीच्या आठवड्यात स्वीकारतात का, हे उतरल्यावर लगेच विचारून ठेवा. नसल्यास सुट्या संपताच पहिल्या दिवशी हजर व्हा.

उबुदकरांना देनपसारच्या कार्यालयात जावे लागते, कुटा परिसरातल्यांना न्गुराह राईच्या आणि उत्तरेला लोविनाकडे राहणाऱ्यांना सिंगाराजाच्या. मुक्कामाचा पत्ता ज्या कार्यालयाच्या हद्दीत, तिथेच काम होते. पासपोर्ट, व्हिसाची प्रत, परतीचे तिकीट आणि राहत्या जागेचा पत्ता सोबत ठेवा. आणखी एक गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण अनेकांना दारातूनच परतावे लागते, म्हणून सांगतो : अर्धी विजार, बिनबाह्यांचा सदरा आणि रबरी चपला या वेशात आत सोडत नाहीत. समुद्रावरून थेट तिकडे जाऊ नका.

प्रश्न : मुलगी नोकरीनिमित्त जकार्तात असते. तिच्याकडे तीन महिने राहायचे आहे. व्हिसा ऑन अरायव्हल दोनदा वाढवून मिळेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मिळणार नाही. आपल्यासाठी सी१ हा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा योग्य ठरेल, पण तो निघण्यापूर्वीच ऑनलाइन काढावा लागतो. तो सुरुवातीला ६० दिवसांचा असतो आणि प्रत्येकी ६० दिवस असा दोनदा वाढवता येत असल्याने एकूण १८० दिवसांपर्यंत राहता येते. तिथे पोहोचल्यावर विचार बदलण्यापेक्षा मुक्काम दोन महिन्यांपलीकडे जाण्याची थोडी जरी शक्यता असेल, तरी सी१च घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

६० दिवस संपताना शेजारच्या देशात जाऊन यायचे आणि नवा व्हिसा ऑन अरायव्हल घ्यायचा, हा मार्ग पुष्कळ जण पत्करतात. बेकायदा असे त्यात काही नाही, मात्र पुन्हा प्रवेश द्यायचा की नाही हे खिडकीवरचा अधिकारी ठरवतो, आणि वारंवार ये-जा दिसली की तो प्रश्न विचारणारच. त्यातही सिंगापूरला जाण्यासाठी भारतीयांना आधी व्हिसा लागतो, हे विसरून तिकिटे काढणारे भेटतात. क्वालालंपूर सोपे, कारण मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिलेली आहे. तरी ती सवलत मुदतीची असल्याने निघण्यापूर्वी तपासावी.

प्रश्न : एजंट नेमला तर कार्यालयात जाणे टळते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : टळत नाही. छायाचित्र आपलेच हवे आणि मुलाखतही आपलीच. एजंट फार तर अर्ज भरेल आणि वेळ ठरवून देईल. विमानतळावर खिडकीवर व्हिसा घेतलेल्यांचे कागदी काम अधिक असते, त्यांना ही मदत उपयोगी पडू शकते. ऑनलाइन व्हिसा असलेल्या धडधाकट माणसाने त्यासाठी दुप्पट पैसे का मोजावेत, हे मला अद्याप उमगलेले नाही.

प्रश्न : मुदतवाढीचे शुल्क भरताना कार्ड सारखे नाकारले जात आहे. काय करावे? बालीचे पर्यटन शुल्क भरले आहे, ते यात धरतात का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी. १४ फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालेले १,५०,००० रुपियांचे शुल्क बाली प्रांताचे असते, त्याचा व्हिसाशी काहीही संबंध नाही. कार्डाचे म्हणाल, तर भारतात बँका नवे कार्ड देताना परदेशी व्यवहार बंद ठेवूनच देतात. ते बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात. ते केले असेल, तर ओटीपी कुठे जातो ते पाहा. स्थानिक सिम घातल्यावर भारतातले सिम पाकिटात पडून राहते आणि ओटीपी त्याच क्रमांकावर येत राहतो. शिवाय पत्त्याच्या शेवटी ‘गो.आयडी’ नसलेल्या संकेतस्थळावर कार्डाचा क्रमांक देऊ नका. सरकारी स्थळासारखी दिसणारी आणि जास्त पैसे घेणारी खासगी संकेतस्थळे बरीच आहेत.

प्रश्न : मी बालीतून पुण्याच्या कंपनीचे काम लॅपटॉपवर करतो. मुदतवाढीच्या मुलाखतीत हे सांगावे का? (एक वाचक, सध्या चांगू)

उत्तर : खोटे बोला, असे मी सांगणार नाही, पण पर्यटक व्हिसा कामासाठी नसतो आणि मुदतवाढीने त्याचा हेतू बदलत नाही. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी ई३३जी हा एक वर्षाचा स्वतंत्र परवाना आहे, मात्र त्यासाठी वर्षाला किमान ६०,००० डॉलर उत्पन्न दाखवावे लागते. आपण त्यात बसत नसल्यास मुक्काम आखडता घेणे शहाणपणाचे.

प्रश्न : आमचे परतीचे विमान एकतिसाव्या दिवशी रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी सुटते. एका रात्रीसाठी मुदतवाढ घ्यावी का? आम्ही चौघे आहोत, दोन मुले लहान आहेत. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : पासपोर्टवर बाहेर पडल्याची तारीख उमटते ती इमिग्रेशनच्या खिडकीवर, विमान सुटताना नव्हे. तिसाव्या दिवशी रात्री बाराच्या आत चौघांनीही ती खिडकी ओलांडली, तर मुदतवाढीची गरज नाही. मात्र चेक-इनची रांग ध्यानात घेऊन नऊच्या सुमारास विमानतळावर असा. बारा वाजून गेले, तर दंड दररोज माणशी १०,००,००० रुपिया आहे आणि त्यातून मुलेही सुटत नाहीत, म्हणजे चौघांचे मिळून चाळीस लाख रुपिया, जवळपास एकवीस-बावीस हजार रुपये, तिथेच भरूनच पुढे जाता येईल. एवढी धाकधूक नको असेल, तर आदल्या दिवशीचे विमान मिळते का ते पाहा. चौघांच्या मुदतवाढीपेक्षा तिकिटातला फरक कदाचित कमीच भरेल.