चिकटलेली बेरीज

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात बारा वर्षं संख्याशास्त्र शिकवतो. येत्या जूनपासून मराठीतून डेटा सायन्सचा ऑनलाइन कोर्स सुरू करायचं ठरवलंय. नुसती व्याख्यानं नकोत. शिकणाऱ्यानं तिथंच कोड लिहावा आणि तिथंच तो तपासला जावा, असा कोर्स हवाय. चाळीस व्हिडिओंची यादी तयार आहे, स्टुडिओवाल्याशीही बोलून झालंय. सुरुवात कुठून करू? आणि सरावाला माहिती कुठली घेऊ? परदेशी कोर्समध्ये एकतर टायटॅनिकचे प्रवासी असतात, नाहीतर आयरिस फुलांच्या पाकळ्यांची मापं.
– एक प्राध्यापक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : सर, आधी स्टुडिओवाल्याला फोन करून थांबवा. व्हिडिओ सगळ्यात शेवटी करायचे असतात. ही ऐकीव गोष्ट नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः उन्हाळ्याची अख्खी सुटी घालवून अडतीस व्हिडिओ केले होते. सोलापूरच्या मे महिन्यात पंखा बंद करून, कारण त्याची घरघर माइकमध्ये यायची. पहिल्याच धड्यात कॉम्प्युटरवर पायथन, म्हणजे कोड लिहायची भाषा, बसवायचा होता आणि बरीच मुलं त्या पहिल्या पायरीवरच थबकली. कुणी भावाच्या ऑफिसचा लॅपटॉप आणलेला, त्यावर काही बसवायची परवानगी नाही. कुणाकडे फक्त मोबाइल. सरासरीच्या धड्यापर्यंत मोजकीच पोचली, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. व्हिडिओतून शिकवणाऱ्याला समोरचा चेहरा दिसत नाही ना!

पुढच्या वर्षी मी मुलांना घरीच बोलावलं. अशोक चौकाकडची एक मुलगी होती, वडिलांचे टॉवेलचे माग. तिला दोन पाळ्यांत निघालेल्या टॉवेलांची बेरीज करायची होती, डझनात. तिनं मराठी कीबोर्डवरून १२ टाकले, मग १५ टाकले, एंटर दाबलं. पडद्यावर आलं १२१५. ती बराच वेळ तिकडं बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "बाई, बेरीज चिकटली."

माहितीच्या प्रकारांवर मी एका व्हिडिओत वीस मिनिटं बोलले होते. त्या वीस मिनिटांत जे जमलं नाही ते तिच्या त्या एका शब्दात होतं. कीबोर्डवरून 'इनपुट' या आज्ञेनं घेतलेली प्रत्येक गोष्ट पायथन अक्षरं म्हणून ठेवतो, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. त्यांना 'इंट' ही अक्षरांची संख्या करणारी आज्ञा लावली की तेच १२ आणि १५ मिळून २७ होतात. तिला मात्र वाटलं होतं, आपण मराठी आकडे टाकले म्हणून बिघडलं. खरं तर इंटला देवनागरी आकडे व्यवस्थित वाचता येतात. पायथन ३ मध्ये आकड्यांना भाव, वजन, हमाली अशी मराठी नावंसुद्धा देता येतात, फक्त कोडमध्ये थेट लिहायचा आकडा इंग्रजी लागतो. मी शेजारी बसलेली नसते तर ही मुलगी 'मराठी चालत नाही' हा समज घेऊनच उठली असती.

इंटरॅक्टिव्ह कोर्स म्हणजे माझ्या लेखी हे शेजारी बसणं. 'उत्तर चूक, पुन्हा प्रयत्न करा' एवढंच सांगणारा पडदा शिकणाऱ्याला एकटं पाडतो. १२१५ आलं तर कोर्सनं म्हणायला हवं, "तुमचे आकडे चिकटलेत. ते अजून अक्षरंच आहेत. त्यांना संख्या कसं करायचं ते वरच्या ओळीत पाहा." पण असं वाक्य लिहायला चूक आधी माहीत हवी, आणि ती घरी बसून सुचत नाही. सर, तुम्हाला संख्याशास्त्र इतकं येतं की नवख्याची चूक तुमच्या कल्पनेतही येणार नाही. म्हणून दहा जण गोळा करा. तुमच्या वर्गातले नकोत, ते तुमच्यापुढं मान डोलावतील. मेडिकल दुकानात बसणारा मुलगा, अंगणवाडी सेविका, सूत व्यापाऱ्याकडचा दिवाणजी, असे बघा. प्रत्येकाशेजारी दोन-दोन तास बसा. माउसला हात लावायचा नाही. तो कुठं थांबला, काय पुटपुटला, कुठं उगीच हसला, ते वहीत टिपा. त्या वहीवरून धडे लिहा आणि मग व्हिडिओ किती लागतात ते पाहा. माझ्याकडे अडतीसचे नऊ उरले, तेही पाच-पाच मिनिटांचे.

आता माहितीचं. टायटॅनिकचा तक्ता वाईट नाही, पण त्यातली रिकामी जागा आपल्या पोरांशी बोलत नाही. एखाद्या प्रवाशाचं वय का नोंदलेलं नाही, हे सोलापुरात बसून कोण सांगणार? मागाच्या वहीतली रिकामी जागा मात्र लगेच बोलते. त्याच मुलीनं वडिलांची वही आणली होती. तारीख, पाळी, माग नंबर, किती डझन, माग का थांबला, असे रकाने. एका मागाचे सहा दिवसांचे आकडे होते ४८, ५२, ५०, मग काहीच नाही, मग ५०, ५०. मी विचारलं, मधल्या दिवशी काय झालं? ती म्हणाली, "बाई, गड्डा होता की! अक्षता सोहळ्याला कोण माग चालवतंय?" गड्डा म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांची जत्रा. त्या दिवशी शून्य धरलं तर सरासरी ४१.६७ येते, दिवस सोडून दिला तर ५०. मागाची ताकद मोजायची असेल तर दिवस सोडायला हवा. महिन्याला माल किती निघणार याचा अंदाज बांधायचा असेल तर शून्य धरायला हवं. पायथनमधलं तक्ते हाताळायचं साधन, पँडाज, रिकामी जागा दिसली की सरासरी काढताना ती गुपचूप वगळतं, विचारत नाही. विचारायचं काम आपलं. त्या दिवशी आमचा एक तास या एकाच चौकोनावर गेला आणि तो माझा सगळ्यात चांगला तास होता.

पुढचा रकाना, माग का थांबला. कुठं 'लाईट', कुठं 'लाइट', कुठं 'वीज नाही', कुठं 'करंट गेला'. कॉम्प्युटरच्या हिशेबी ही चार वेगळी कारणं. त्यामुळं पहिल्या फेरीत 'सूत तुटलं' हे सगळ्यात मोठं कारण दिसलं. चारी एकत्र केल्यावर वीज वर आली. गावाच्या नावाचंही तेच : सोलापूर, सोलापुर, शोलापूर. या कामात माहिती निवडून-पाखडून घेण्यातच बहुतेक वेळ जातो, आणि तेच शिकवायचं बरेच कोर्स टाळतात, कारण ते दिसायला झगमगीत नाही. तुम्ही टाळू नका.

दुसरा तक्ता बाजार समितीतल्या कांद्याचा घ्या. ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर मिळतात. समजा १० क्विंटल माल २००० रुपयांनी गेला आणि ९० क्विंटल ८०० रुपयांनी. दोन दरांची साधी सरासरी १४००, पण मालाच्या वजनानं काढली तर ९२०. हा ४८० रुपयांचा फरक शेतकऱ्याच्या मुलाला फळ्यावर सूत्र न लिहिता कळतो. शिवाय हिशेबाच्या पट्टीत कपात असतेच : हमाली, तोलाई, गाडीभाडं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर बाजारात ५१२ किलो कांदा किलोला १ रुपयानं विकला गेला आणि खर्च वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती २ रुपयांचा चेक आला, ही बातमी देशभर गाजली. दराचा रकाना पाहून हे कधीच दिसलं नसतं. हाती काय पडलं, हा रकाना आपणच तयार करावा लागतो. धड्यात तो मुलांकडूनच तयार करून घ्या.

कुणाची वही वापरली तर परवानगी घ्या, कामगारांची नावं आणि फोन नंबर आधीच काढून टाका. २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहेच, पण तो नसता तरी हे करायला हवं होतं.

तांत्रिक बाजू आता फार अडवत नाही. पायओडाइड किंवा ज्युपिटरलाइट वापरलं तर पायथन थेट ब्राउझरमध्ये चालतो, काही बसवावं लागत नाही. पहिल्यांदा उघडताना मात्र बरंच डाउनलोड होतं, ते वर्गात वायफायवर करून द्या. गुगल कोलॅबही चांगलं आहे, पण त्यात कोड गुगलच्या कॉम्प्युटरवर चालतो, म्हणून नेट सतत लागतं. मोबाइलवाल्यांना अख्खा कोड टाइप करायला लावू नका. कंस, कोलन, ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, यातच ते रडकुंडीला येतात. त्यांना गाळलेल्या जागा द्या.

आणि जूनमध्ये एकदम शंभर जणांना घेऊ नका. पंचवीस घ्या. सगळ्यांच्या चुका रोज रात्री तुम्ही स्वतः वाचा.

प्रश्न : ताई, मी बी.कॉम. आहे, नवी पेठेत एका कर सल्लागारांकडे टॅलीवर काम करते. पगारातून साठवून एक ऑनलाइन कोर्स घेतला. 'सहा महिन्यांत नोकरीची हमी' म्हणाले होते. तिसऱ्या महिन्यात न्यूरल नेटवर्क सुरू झालं, कोड कॉपी करून चालतोय, पण कळत काहीच नाही. माझं गणितच कच्चं आहे का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुझं गणित कच्चं नाही, तुला भलत्याच क्रमानं शिकवलंय. टॅलीत रोकड उणे दिसली की तुझा हात थांबतो ना? आकडा बघून 'हे असं कसं?' वाटणं, ही या कामातली अर्धी बाजू आहे, आणि ती तुझ्याकडे नोकरीतून आलीय.

न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं गुंतागुंतीचं गणित, सहा महिने बाजूला ठेव. तुझ्या कर सल्लागारांची परवानगी घेऊन, पार्ट्यांची नावं बदलून, एक तक्ता कर : बिलाची तारीख, पैसे आल्याची तारीख. दोन्हीतलं अंतर काढ. समजा पाच पार्ट्यांचे दिवस आले ८, १०, १२, १५ आणि १८०. सरासरी ४५, पण ४५ दिवसांच्या जवळपास पैसे देणारा त्यात एकही नाही. मधली संख्या १२, आणि तीच खरी चाल सांगते. १८० वाला वेगळा विषय आहे, त्याला फोन करायचा. हे एक्सेलच्या पिव्होट टेबलवर कर. हात बसला की तेच काम पायथनमध्ये कर. उत्तर आधीच माहीत असल्यामुळं कोड चुकला की तुझं तुलाच कळेल.

नोकरीची हमी कुणालाच देता येत नाही. पैसे परत मिळण्याच्या अटी त्यांच्याकडून लेखी माग. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथं तक्रार कर. संकोच करू नकोस, तुझ्या कष्टाचे पैसे आहेत.

प्रश्न : आमची सांगोल्याकडं चार एकर डाळिंब आहे. पुतण्या डेटा सायन्सचा कोर्स करतोय. त्यानं माझ्या सहा वर्षांच्या फवारणीच्या वह्या कॉम्प्युटरवर चढवल्या आणि आलेख काढला. ज्या वर्षी फवारण्या जास्त, त्या वर्षी तेल्या रोगही जास्त! तो म्हणतो, काका, फवारणीनंच रोग वाढतोय. बंद करू का?
– एक डाळिंब बागायतदार

उत्तर : दादा, बंद करू नका. आलेख बरोबर आहे, त्यावरून काढलेला अर्थ घाईचा आहे. तेल्या जिवाणूमुळं होतो आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर, दमट हवेत पसरतो. पाऊस जास्त झाला की रोग वाढतो, आणि रोग दिसला की तुम्ही पंप उचलता. दोन्ही आकडे पावसामागं चालतात, म्हणून एकमेकांच्या बरोबरीनं चढलेले दिसतात. दवाखान्यात आजारी माणसं जास्त दिसतात म्हणून दवाखान्यानं आजार होतो असं आपण म्हणतो का?

पुतण्याला रागावू नका. सहा वर्षांच्या वह्या चढवणं हे मोठं काम त्यानं केलंय. त्याला अजून तीन रकाने घालायला सांगा : त्या आठवड्याचा पाऊस, बहार (फळं धरायचा हंगाम) मृग, हस्त की आंबे, आणि पहिला ठिपका दिसल्याची तारीख. फवारणी ठिपक्याच्या आधी झाली की नंतर, हे मग दिसेल. सारख्याच पावसाची वर्षं एकमेकांशेजारी ठेवून पाहू द्या. तरी सहा वर्षं म्हणजे सहाच आकडे, त्यावर छातीठोक काही सांगता येत नाही. चार एकरांचे वेगवेगळे तुकडे असतील तर तुकड्यागणिक नोंद ठेवा, म्हणजे एका वर्षात जास्त माहिती हाती येईल.

सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. कुठली फवारणी, किती आणि कधी, ते तिथल्या शास्त्रज्ञांना विचारून ठरवा. जाताना मूळ वह्या बरोबर न्या, फक्त आलेख नको. आणि पहिल्या प्रश्नातल्या सरांना माझी विनंती आहे : दादांची हरकत नसेल तर हा तक्ता तुमच्या कोर्समध्ये घ्या. पावसाचा रकाना आधी लपवून ठेवा, आणि मुलं फवारणी बंद करायला निघाली की मग उघडा.