कोडिंग येत नाही, पण वॉर्ड कळतो

प्रश्न : मी नर्सिंगची पदवी घेतली असून दोन वर्षं मेडिसिन वॉर्डात काम करते आहे. पुढे हेल्थ इन्फॉर्मेटिक्समध्ये, म्हणजे आरोग्याच्या नोंदी ठेवणं, पाठवणं आणि वापरणं यांच्या शास्त्रात, एम.एस्सी. करायचं ठरवलंय. प्रवेश अर्जासोबत संशोधनाचा आराखडा मागितला आहे. मी 'राष्ट्रीय आरोग्य सेवांपुढील आव्हाने आणि आरोग्य माहितीशास्त्र' असा विषय लिहून आमच्या जुन्या मॅडमना दाखवला. "यावर दहा पुस्तकं होतील, आराखडा होणार नाही," म्हणून त्यांनी तो परत दिला. बाबा म्हणतात, कोडिंग येत नसेल तर या वाटेला जाऊच नकोस. आणि एआय आल्यावर ही कामं माणसांकडे राहतील का, अशीही धास्ती वाटते. मी काय शिकू आणि विषय कसा निवडू?

उत्तर : प्रिय विद्यार्थिनी,

तुझ्या मॅडमचं बरोबर आहे. बाबांचं अर्धं बरोबर आहे, त्याकडे नंतर वळू. आधी विषयाचं बघू, कारण तो मार्गी लागला की काय शिकायचं हे बरंचसं त्यातूनच ठरेल.

आव्हानं म्हटली की अपुरा निधी, मनुष्यबळाची टंचाई, लांबलेल्या प्रतीक्षायाद्या, वाढतं आयुर्मान ही यादी येते. कुठल्याही देशाचा आरोग्य अहवाल उघड, ती पहिल्या चार पानांत सापडेल. यादी खरी आहे, पण तिच्यात शोधण्यासारखा प्रश्न नाही. त्या वाटेने गेलीस तर इतरांच्या अहवालांतले उतारे जोडण्यातच अभ्यासक्रम संपेल. त्यापेक्षा एकच नोंद धर. ती रुग्णाच्या खाटेपाशी जन्माला येते तिथपासून देशाच्या आकडेवारीत जाऊन बसते तिथपर्यंत तिचा माग काढ. वाटेत ती कुठे बदलते, कुठे गळते, कोण ती दुसऱ्यांदा टाइप करतं, कोणाला ती हवी असून मिळत नाही, हे बघ. राष्ट्रीय आरोग्य सेवेची बहुतेक आव्हानं तुला त्या वाटेवरच भेटतील, आणि तीही नेमक्या जागी.

रक्तदाबाचंच घे. तू शिफ्टमध्ये कितीदा तरी लिहितेस. हाताने मोजायच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात. म्हणजे वाचन प्रामाणिक असेल तर साधारण पाचातला एक आकडा शून्याने संपायला हवा. प्रत्यक्षात चार्ट चाळलास तर १२०/८०, १३०/८०, १४०/९० यांचीच रांग दिसते. अंक गोल करण्याची ही सवय जगभरातल्या अभ्यासांत आढळली आहे. घाई असते, हात भरलेले असतात, आणि दोन-चार मिलिमीटरने काय बिघडतं असं वाटतं. बिघडतं ते असं : उपचारांची रेषा १४० वर आखलेली असेल, तर १३८ चा १४० झालेला माणूस 'रुग्ण' ठरतो; आणि रेषा '१४० च्या वर' अशी आखलेली असेल, तर १४२ चा १४० झालेला 'नियंत्रणात' असल्यासारखा दिसतो. अशा लाखो नोंदींची बेरीज करून देश औषधखरेदी ठरवतो. आता हा आराखडा होतो की नाही सांग : हाताने लिहिलेले आकडे आणि यंत्राने थेट पाठवलेले आकडे यांत शेवटच्या अंकाची वाटणी किती वेगळी आहे, आणि त्यामुळे उच्च रक्तदाबाचं प्रमाण किती हलतं? प्रश्न छोटा आहे, मोजता येतो, आणि वॉर्डात न राहिलेल्या माणसाला सहसा सुचत नाही.

मुलाखतीत 'नर्स असून इकडे कशी?' असं कोणी विचारलं तर बावरू नकोस. आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची १८६० च्या सुमाराची तक्रार नोंदींबद्दलच होती. रुग्णालयांकडे नोंदी मागाव्यात, तर एकमेकींशी ताडून पाहता येतील अशा नोंदी जवळजवळ कुठेच मिळेनात. त्यांनी सगळ्या रुग्णालयांसाठी एकसारखे तक्ते सुचवले होते. दीडशेहून अधिक वर्षं झाली, तक्ते पडद्यावर आले, तक्रार अजून जिवंत आहे.

आता वाटेतली गळती. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोविडचे १५,८४१ पॉझिटिव्ह अहवाल आठवडाभर राष्ट्रीय मोजणीत आलेच नाहीत. प्रयोगशाळांनी तपासण्या केल्या होत्या, फायली पाठवल्या होत्या. मधल्या टप्प्यावर त्या एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारात भरल्या जात होत्या. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते आणि एकेका रुग्णामागे अनेक ओळी लागत होत्या. पत्रक भरलं की पुढची नावं गुपचूप गळत होती. माणसांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधणाऱ्या पथकांकडे ती नावं उशिरा पोचली, आणि साथीत आठवडा म्हणजे फार झाला. किती ओळी निघाल्या आणि किती पोचल्या, एवढा हिशेब त्या सांध्यावर रोज कोणी ठेवला असता तर हे पहिल्या दिवशीच लक्षात आलं असतं. आरोग्य माहितीशास्त्रातलं पुष्कळ काम हे असं आहे : दिसायला कारकुनी, पण चुकलं तर माणसांना भोवणारं.

मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण हवं तर त्याच देशाचा २००२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय आयटी कार्यक्रम वाच. सगळ्या रुग्णांची एकच इलेक्ट्रॉनिक नोंद, वरून ठरवलेली, मोठमोठ्या कंत्राटांतून बसवलेली. अंदाज १२ अब्ज पौंडांच्या वर गेला आणि २०११ मध्ये कार्यक्रम गुंडाळण्याची घोषणा झाली. बहुतेक लेख इथेच थांबतात आणि 'सरकारी अपयश' म्हणून मोकळे होतात. तू थांबू नकोस. त्याच कार्यक्रमातून एक्स-रे आणि स्कॅन पडद्यावर पाहण्याची यंत्रणा मात्र इंग्लंडच्या रुग्णालयांत बसली आणि टिकली. एक का पडलं आणि दुसरं का टिकलं? माझं मत विचारशील तर, छातीचा एक्स-रे सगळीकडे सारखाच वाचला जातो आणि फिल्म शोधत फिरायचा त्रास प्रत्येक डॉक्टरला होता. रुग्णाची केस मात्र प्रत्येक विभागात वेगळ्या रीतीने लिहिली जाते, आणि ती रीत बदलण्याआधी लिहिणाऱ्यांना पुरेसं विचारलं गेलं नव्हतं. तुला हे पटलं नाही तर उत्तमच, आराखड्यात खोडून काढ.

आणखी एक धागा आहे, त्याकडे विद्यार्थी फारसे वळत नाहीत : पैसा. नोंद कशी होते हे पैसा कुठून कसा येतो त्यावर ठरतं. अमेरिकेच्या मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, १९८३ पासून रुग्णालयांना निदानगटानुसार ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. मग निदानाचा कोड हा वैद्यकीय शेरा उरला नाही, ते बिल झालं, आणि जास्त रकमेच्या कोडकडे कल झुकू लागला. ब्रिटनमध्ये २००४ पासून फॅमिली डॉक्टरांच्या उत्पन्नाचा एक भाग ठरावीक निर्देशकांना बांधला गेला, तेव्हा त्या निर्देशकांच्या नोंदी नेटक्या होऊ लागल्या. ज्यांना पैसे नव्हते त्या गोष्टींकडे तेवढं लक्ष राहिलं का, हा प्रश्न तिथल्या संशोधकांनीही विचारला. करातून चालणारी सेवा, विम्यावर चालणारी सेवा आणि मिश्र सेवा यांची तुलना करायची असेल तर 'कोणती चांगली' असं विचारू नकोस. 'कोणत्या सेवेत कोणती गोष्ट लिहून ठेवण्यात कोणाचा फायदा आहे' असं विचार.

विश्वासाचा मुद्दा थोडक्यात. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी एकत्र करण्याची 'केअर डॉट डेटा' योजना २०१४ मध्ये थांबवावी लागली आणि २०१६ मध्ये बंद झाली. तंत्र चालत नव्हतं म्हणून ती बंद पडली असं नाही, आपली माहिती कोणाकडे जाणार हे लोकांना नीट सांगितलंच गेलं नव्हतं. एस्टोनियात २००८ पासून राष्ट्रीय आरोग्य नोंद आहे, आणि आपली नोंद कोणी उघडून पाहिली हे नागरिकाला स्वतः बघता येतं. फक्त एक सावधगिरी : एस्टोनियाची लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास आहे. 'एस्टोनियाने केलं, मग आपण का नाही' हे वाक्य आराखड्यात लिहायचा मोह होईल, तो आवर.

आता बाबांचा मुद्दा. सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हायची तुला गरज नाही, पण संगणकाला हातच लावायचा नाही असंही चालणार नाही. एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारायची भाषा, शिक; मग नोंदी स्वतः काढून बघता येतील; दुसऱ्याने काढून दिलेल्या तक्त्यावर विसंबून राहणाऱ्याला चूक सापडत नाही. जोडीला आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी एक, आणि संख्याशास्त्राचा पाया. पायथनचा पहिला सराव म्हणून हे कर : इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत (एनएचएस) रुग्णाला मिळणाऱ्या एनएचएस क्रमांकात दहा अंक असतात आणि शेवटचा अंक आधीच्या नवांवरून निघतो. पहिल्याला १० ने, दुसऱ्याला ९ ने, असं उतरत नवव्याला २ ने गुणायचं, बेरजेला ११ ने भागायचं, उरलेली बाकी ११ मधून वजा करायची. उत्तर ११ आलं तर शेवटचा अंक शून्य, १० आलं तर तो क्रमांक बाद. हे तपासणारा प्रोग्रॅम दहा-पंधरा ओळींत होतो. टाइप करताना एक अंक चुकला तर तो कसा पकडला जातो हे त्यातून कळेल, आणि कोडिंगची भीतीही निम्मी होईल.

मानकांची नावं ऐकून घाबरायला होतं, पण प्रत्येकाचं काम साधं आहे. आयसीडी आजारांची आणि मृत्यूच्या कारणांची वर्गवारी करतं. अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येते. स्नोमेड सीटी डॉक्टर-नर्सच्या बारीकसारीक निरीक्षणांसाठी, लॉइंक प्रयोगशाळेच्या तपासण्यांसाठी, आणि एफएचआयआर, म्हणजे बोलण्यातलं 'फायर', एका यंत्रणेतून दुसरीत माहिती पाठवण्यासाठी. ओस्लो विद्यापीठातून वाढलेली डीएचआयएस-२ ही आरोग्याची आकडेवारी गोळा करणारी प्रणाली कितीतरी देशांची आरोग्य मंत्रालयं वापरतात. तिची नमुना आवृत्ती उघडून गावपातळीवरचा आकडा वर कसा चढतो ते बघ.

सरावाला आकडे कुठून आणायचे? वॉर्डातून नाही. रुग्णांच्या नोंदींचे फोटो किंवा नावं झाकलेली प्रत, परवानगीशिवाय काहीही घरी न्यायचं नाही. प्रवेश मिळण्याआधीच या क्षेत्रातून बाहेर पडायची ती खात्रीची वाट आहे. सिंथियासारख्या मोफत साधनाने खोटे पण पटण्याजोगे रुग्ण तयार करता येतात. अतिदक्षता विभागाच्या मिमिक या संग्रहाचा शंभर रुग्णांचा नमुना खुला आहे, आणि पूर्ण संग्रह नैतिकतेचा छोटा अभ्यासक्रम करून मिळतो.

एआयबद्दल. कागदावरून माहिती उचलणं, कोड सुचवणं ही कामं यंत्राकडे जात आहेत, यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त टंकलेखन आणि जुळवाजुळव एवढ्यावर नोकरी उभी करू नकोस. पण २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेला एक अभ्यास नक्की वाच. अमेरिकेत कोणत्या रुग्णांना जास्तीची मदत द्यायची हे ठरवणाऱ्या एका अल्गोरिदमने गरज मोजण्यासाठी उपचारांवर झालेला खर्च धरला होता. कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळातच कमी खर्च होत होता, त्यामुळे तेवढेच आजारी असूनही, किंबहुना जास्तच, ते यादीत खाली गेले. गणितात चूक नव्हती. खर्च म्हणजे गरज नव्हे, हे कोणाच्या तरी वेळीच लक्षात यायला हवं होतं. असा प्रश्न विचारू शकणाऱ्या माणसांची गरज एआयमुळे वाढतेच आहे, आणि खाटेपाशी काम केलेल्याला तो लवकर सुचतो.

नोकऱ्यांची नावं ठिकठिकाणी वेगळी असतात : क्लिनिकल इन्फॉर्मेटिक्स नर्स, डेटा क्वालिटी, नवी प्रणाली बसवताना कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, सार्वजनिक आरोग्याची आकडेवारी. सुरुवातीला तुला बहुधा प्रणाली बसवण्याचंच काम मिळेल. रात्रपाळीच्या सिस्टरला तीन जास्तीचे क्लिक का नकोत, हे सॉफ्टवेअरवाल्यांना समजावणं हेच त्यातलं निम्मं काम, आणि ते तू आजही करू शकतेस.

मॅडमकडे परत जाशील तेव्हा शीर्षक नको, चार ओळी ने : कोणती नोंद, कुठून कुठे जाते, कुठे बिघडते अशी शंका आहे, आणि ते कसं मोजणार. आणि कोणत्याही विद्यापीठाची फी भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारून घे. प्रबंधासाठी खऱ्या किंवा निनावी केलेल्या आरोग्य नोंदी विद्यार्थ्यांना मिळतात का, आणि शिकवणाऱ्यांत रुग्णालयात काम केलेलं कोणी आहे का. पहिल्याचं उत्तर गोलमोल आलं तर दुसरं विद्यापीठ बघ.